कांडीचं बळ शेतात ठरतं

कापसाच्या पऱ्हाटीपासून इंधनाची कांडी, म्हणजे बाजारात जिला पेलेट म्हणतात ती, बनवण्याच्या धंद्यात बोलणं नेहमी यंत्रापासून सुरू होतं. प्रेस कुणाची, मोटर किती अश्वशक्तीची, तासाला माल किती निघतो, डाय किती टनांनंतर बदलावी लागते. कारखाना टाकू पाहणारा याच प्रश्नांची यादी घेऊन येतो आणि यंत्र विकणाराही त्यांचीच उत्तरं तयार ठेवतो. या कामात राहून माझं मत वेगळं झालं आहे. कांडी गिऱ्हाइकापर्यंत धड पोचेल की वाटेत तिचा चुरा होईल, हे प्रेसमध्ये फार थोडं ठरतं. पऱ्हाटी शेतातून कशी निघाली, किती वाळली, मुळाशी किती माती घेऊन आली आणि तिची गंजी कुठे लागली, यावर त्यातलं बहुतेक अवलंबून असतं. हे खरं असेल तर शेतकऱ्याला पैसे निव्वळ वजनावर देण्याची आजची रीत चुकीची आहे, कारण ती नेमका खराब माल मागून घेते. पैसे कोरडेपणाचे आणि स्वच्छतेचे द्यायला हवेत. विदर्भात, जिथे कापूस, सोयाबीन आणि तूर यांचे अवशेष दर हंगामात धुऱ्यावर पडून राहतात किंवा काडी लावून संपवले जातात, तिथे हा प्रश्न कारखानदाराइतकाच शेतकऱ्याचाही आहे, म्हणून तो सविस्तर मांडतो.

टिकाऊपणाचा एवढा आग्रह कशासाठी, ते आधी सांगायला हवं. सुटी पऱ्हाटी फार जागा खाते. रचलेल्या पऱ्हाटीचं वजन घनमीटरला १०० किलोसुद्धा भरत नाही. काटक्यांच्या मधे सगळी हवाच असते. १० टनांचा ट्रक दोर आवळून उंच भरला तरी त्याच्या क्षमतेच्या चौथाईएवढा माल बसणं मुश्कील, आणि डिझेल मात्र पुऱ्या खेपेचं जळतं. तीच पऱ्हाटी दळून, दाबून ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीच्या कांडीत आणली की घनमीटरला ६०० ते ६५० किलो होते. मग ती पोत्यात भरता येते, सायलोत साठवता येते, बॉयलरला आपोआप पुरवता येते. धंद्याचं सगळं गणित या एका बदलावर उभं आहे, आणि कांडी फुटली की ते बिघडतं. चुरा पोत्याच्या तळाशी बसतो, ओल धरतो, बॉयलरच्या स्क्रू फीडरमध्ये अडकतो, आणि भट्टीत शिरल्यावर जाळीवर नीट न जळता हवेबरोबर चिमणीकडे निघतो. बंद शेडमध्ये त्याची धूळ हवेत भरली तर एका ठिणगीवर स्फोट होऊ शकतो. म्हणून टिकाऊपणा मोजायची पद्धत ठरलेली आहे. चाळून घेतलेल्या ५०० ग्रॅम कांड्या एका चौकोनी पेटीत टाकतात, पेटीच्या आत एक पट्टी बसवलेली असते, आणि पेटी मिनिटाला ५० फेऱ्यांच्या वेगानं १० मिनिटं फिरवतात. मग तो माल ३.१५ मिलिमीटरच्या चाळणीवर ओतून वर जे उरेल त्याचं वजन करतात. शेतीच्या अवशेषांपासून केलेल्या कांड्यांसाठी आयएसओ १७२२५ च्या सहाव्या भागात वरच्या प्रतीला ९७.५ आणि दुसऱ्या प्रतीला ९६ टक्के टिकाऊपणा मागितला आहे. वरच्या प्रतीत अर्ध्या किलोमागे साडेबारा ग्रॅमपेक्षा जास्त चुरा चालत नाही. पेटी जवळ नसली तरी सरावलेल्या हाताला कांडी पुष्कळ सांगते. चांगल्या कांडीचं अंग गुळगुळीत आणि चकचकीत असतं, ती मोडताना कट्‌कन आवाज होतो, आणि पाण्यात टाकली की सरळ तळाला जाते, कारण तिची घनता पाण्यापेक्षा जास्त असते. खराब कांडीच्या अंगावर केसासारख्या आडव्या भेगा असतात. नखानं खरवडली तरी भुगा सुटतो.

ही कांडी धरून कशी राहते, ते कळलं की बाकीचा मुद्दा आपोआप उलगडतो. तिच्यात बाहेरचा डिंक नसतो. झाडाच्या अंगातच लिग्निन नावाचा पदार्थ असतो, तो खोडाला ताठपणा देतो, आणि तोच इथे चिकटवण्याचं काम करतो. पऱ्हाटी ही गवतवर्गी नाही, जवळजवळ लाकूडच आहे. तिच्या कोरड्या वजनाचा सुमारे पाव हिस्सा लिग्निन असतं. गव्हाच्या काडात किंवा भाताच्या तणसात ते कमी असतं आणि वर मेणचट, सिलिकायुक्त साल असते, म्हणून त्यांची कांडी बांधणं अवघड जातं. रोलर भुसा डायच्या छिद्रात लोटतो, घर्षणानं उष्णता वाढते, लिग्निन मऊ होऊन कणाकणांच्या मधे पसरतं आणि कांडी बाहेर पडून थंड झाली की पुन्हा कडक होतं. यातली खरी मेख पाण्यात आहे. पूर्ण कोरडं लिग्निन मऊ व्हायला बरंच जास्त तापमान लागतं. १०-१२ टक्के ओल असेल तर तेच काम १०० अंशांच्या आसपास होतं, आणि एवढी उष्णता डायमध्ये घर्षणातूनच मिळते. घरात चकलीचं पीठ कोरडं राहिलं तर सोऱ्या दाबणाऱ्याचे हात दुखतात आणि चकली तुकड्यातुकड्यानं पडते. पाणी जास्त झालं तर काटा उभा राहत नाही. डायपाशी तसंच घडतं, फक्त तिथे सैल भुशातलं पाणी वाफ होतं आणि कांडी बाहेर पडताच आतून तडकते. त्या आडव्या भेगा बहुतेक वेळा या वाफेच्या असतात. ओल कमी पडली तर छिद्रं तुंबतात, मोटरचा अँपिअरचा काटा वर चढतो आणि निघणारा माल जळकट, आखूड, ठिसूळ असतो. चांगल्या कांडीसाठी ओलीचा जो पट्टा लागतो तो साधारण १० ते १४ टक्क्यांचा आहे. एवढ्या अरुंद पट्ट्यात माल आणून ठेवणं हे या धंद्यातलं सर्वांत अवघड काम आहे, आणि ते प्रेसच्या फार आधी सुरू होतं.

विदर्भाचं हवामान या कामाला अनुकूल आहे, पण वेळापत्रक पाळलं तरच. शेवटची वेचणी झाल्यावर उपटलेल्या हिरव्या पऱ्हाटीत ३०-४० टक्के, कधी त्याहूनही जास्त ओल असते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सुटी पसरून ठेवली तर काही आठवड्यांत ती हव्या त्या पट्ट्यात येते. एप्रिल-मे उजाडला की उलटी अडचण सुरू होते: हवा इतकी कोरडी असते की पऱ्हाटी जरुरीपेक्षा जास्त वाळते आणि दळलेल्या भुशावर पाणी शिंपडावं लागतं, तेही आदल्या रात्री, म्हणजे ते कणांच्या आत मुरतं आणि नुसतं वर बसून राहत नाही. ओला माल घेऊन ड्रायरमध्ये वाळवू, असं म्हणणाऱ्यांनी हिशोब करून पाहावा. ३० टक्के ओलीच्या एका टन पऱ्हाटीत ७०० किलो सुका माल असतो. तो १२ टक्क्यांवर आणायचा तर शेवटी सुमारे ७९५ किलो उरतात, म्हणजे २०५ किलो पाणी उडवावं लागतं. किलोभर पाणी उडवायला प्रत्यक्षातल्या ड्रायरमध्ये ९०० किलोकॅलरीच्या घरात उष्णता जाते असं धरलं, तर एका टनामागे ४५ किलोच्या आसपास आपलंच इंधन जाळावं लागतं. शिवाय ड्रायरचं भांडवल, पंख्यांची वीज, माणसं आणि आगीची जोखीम. जे काम ऊन फुकट करून देतं त्यासाठी हा खर्च करायचा, कारण माल आणताना कुणी ओल मोजली नाही. मला हा या धंद्यातला सर्वांत मोठा अपव्यय वाटतो.

ओलीनंतर माती. पऱ्हाटी चिमट्यानं किंवा ट्रॅक्टरच्या अवजारानं मुळासकट उपटली की काळ्या जमिनीची ढेकळं मुळांना चिकटून येतात. स्वच्छ पऱ्हाटीची राख साधारण ३ ते ५ टक्के असते. मातीसकट आलेल्या मालात ती सहज दुपटीच्या पुढे जाते. माती जळत नाही, म्हणून उष्मांक घटतो, हा तोटा उघड दिसतो. न दिसणारे तोटे दोन आहेत. मातीतले कठीण कण हॅमर मिलचे हातोडे, रोलर आणि डायची छिद्रं झिजवतात. छिद्रं झिजून मोठी आणि सैल झाली की दाब कमी पडतो आणि कांडीचा टिकाऊपणा हळूहळू घसरत जातो. यंत्र तेच, चालवणारा तोच, माल मात्र रोज थोडा वाईट. दुसरा तोटा कांडीच्या आतच होतो. मातीचा कण लिग्निनला धरत नाही, त्यामुळे तो बसतो तिथून कांडी उलते. यावर सोपा उपाय सांगितला जातो की मुळं जमिनीतच राहू द्या आणि खोड वरून कापा. पण इथे शेतीचं दुसरं गणित आडवं येतं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या कापसाची वाताहत केली, तेव्हापासून फरदड घेऊ नका, हंगाम वेळेवर संपवा, पऱ्हाटी उपटून नष्ट करा, हा सल्ला गावोगाव दिला जातो आणि तो योग्यच आहे. अळी उरलेल्या किडक्या बोंडांत आणि नख्यांत सुप्त राहते, आणि धुऱ्यावर किंवा घरामागे सरपणासाठी रचलेली पऱ्हाटी पुढच्या हंगामाची कीड जपून ठेवते. नुसतं कापलेलं बुंध ओलीतात पुन्हा फुटूही शकतं. तेव्हा उपटणंच बरं, पण उपटल्यावर मुळं उन्हाकडे करून पसरायची. काळी माती वाळली की आकसते, तडकते आणि झटकल्यावर किंवा आपटल्यावर बरीचशी गळून पडते. मग शेतातच श्रेडरनं कुट्टी करून ती चाळायची. या क्रमानं माती शेतात राहते, बोंडातल्या बहुतेक अळ्या यंत्रात मरतात आणि कारखान्यात येतो तो स्वच्छ माल. अळीच्या बंदोबस्ताला आणि कांडीच्या दर्जाला एकच काम उपयोगी पडतं, ही या उद्योगाची सर्वांत चांगली बाजू आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

यंत्राकडे कुशल माणसाचं काम उरतच नाही, असं मी म्हणत नाही. पऱ्हाटीची साल तागासारखी धाग्याची असते. ती हॅमर मिलच्या शाफ्टला गुंडाळते, चाळणीची भोकं बंद करते आणि अधूनमधून यंत्र थांबवून सुरीनं कापून काढावी लागते. दळणाऱ्याला चाळणी कितीची लावायची याचा निर्णय घ्यावा लागतो: भरड कण फार झाले तर कांडी त्यांच्याभोवती फुटते, आणि सगळं पिठासारखं दळलं तर वीज फुकट जाते. बारीक आणि मध्यम कणांचं मिश्रण चांगलं बसतं. तुराट्या मिसळल्या तर माल सुधारतो, कारण त्यांची राख कमी आणि काष्ठ चांगलं. सोयाबीनचं कुटार थोडं खपतं, जास्त झालं की कांडी सैल पडते. प्रेसमधून निघालेली कांडी हाताला चटका बसेल इतकी गरम आणि नरम असते. ती थंड होण्याआधी पोत्यात भरली तर आतल्या आत घाम सुटतो आणि दोन दिवसांत पोतं भुशाचं होतं, म्हणून कूलरमधून हवा खेळवून, चाळून मगच भरायची. हे सगळं कारखान्यात शिकता येतं आणि शिकवता येतं. मात्र ही कामं चोख केली तरी ३० टक्के ओलीचा, ढेकळं भरलेला माल त्यातून चांगली कांडी देणार नाही. मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि तिचं नागपूरचं केंद्र पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट आणि पेलेट बनवण्यावर बरीच वर्षं काम करत आलं आहे. तंत्र उपलब्ध आहे. अडतं ते गोळा करण्याच्या आणि भाव ठरवण्याच्या रीतीवर.

यावर पहिला आक्षेप येतो तो चिकटवणाऱ्या पदार्थांचा. मळी घाला, स्टार्च घाला, कांडी आपोआप मजबूत होईल. होते, हे खरं आहे. पण मळीत पोटॅशियम भरपूर असतं, आणि पोटॅशियम जास्त असलेली राख कमी तापमानाला वितळते. वितळलेली राख भट्टीच्या जाळीवर दगडासारखी थिजते, त्यासाठी बॉयलर थंड करून सबलीनं फोडावी लागते. मळी हवेतली ओलही ओढून घेते, त्यामुळे पावसाळ्यात तीच कांडी आधी फुगते. स्टार्चला पैसे पडतात, आणि ज्या मालाचं सगळं आकर्षण त्याच्या स्वस्ताईत आहे त्यावर हा खर्च पेलत नाही. बेंटोनाइटसारखी माती घालण्याचा सल्ला तर राख विकत घेण्याचा सल्ला आहे. गवतवर्गी अवशेषांना कधी थोडी मदत लागते, ते मी मान्य करतो. पण पऱ्हाटीला स्वतःचं लिग्निन पुरेसं असताना बाहेरून डिंक घालावा लागत असेल, तर दोष आधी ओलीत आणि मातीत शोधावा.

दुसरा आक्षेप मोठ्या गिऱ्हाइकाकडून येतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या धोरणानं कोळशावरच्या वीजकेंद्रांना शेतीअवशेषांच्या कांड्या मिसळणं बंधनकारक केलं, आणि २०२३ च्या दुरुस्तीनं २०२४-२५ पासून ५ टक्के व २०२५-२६ पासून ७ टक्के असं प्रमाण ठरवलं. या केंद्रांत कांडी कोळशाबरोबर चक्कीत दळलीच जाते. मग ती टिकाऊ असण्याचं कारण काय, असा हा आक्षेप. कारण असं की प्रेस आणि चक्की यांच्यामधे ट्रक आहे, यार्ड आहे, पट्ट्यांवरून पट्ट्यांवर पडणं आहे. प्रत्येक पडण्यात कच्ची कांडी थोडा चुरा सोडते, आणि कोळशाच्या धुळीत सुक्या भुशाची धूळ मिसळणं हा आगीला सरळ आमंत्रण देणारा प्रकार आहे. प्रमाणाचाही विचार करावा. ५०० मेगावॅटचा एक संच पुऱ्या भारावर दिवसाला सुमारे ८ हजार टन कोळसा जाळतो. त्याचे ५ टक्के म्हणजे रोज ४०० टन कांड्या. तासाला दोन टन काढणारी प्रेस दिवसात २० तास चालली तर ४० टन देते; म्हणजे एका संचाला अशा दहा प्रेस हव्यात. हेक्टरी दोन टन सुकी पऱ्हाटी मिळते असं धरलं तर वर्षाला साठ-सत्तर हजार हेक्टरांवरून ती गोळा करावी लागेल. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस ही केंद्रं विदर्भातच आहेत आणि कापूस-सोयाबीनचा पट्टा त्यांच्या आसपास आहे, तेव्हा हे अशक्य नाही. पण एवढा माल हजारो शेतांतून येणार असेल, तर दर्जा कारखान्याच्या दारात तपासून सुधारणार नाही. तो त्या हजारो शेतांतच राखावा लागेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: अवशेष जमिनीतून काढून नेले तर जमीन कसदार कशी राहील? विदर्भाच्या कोरडवाहू जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे, आणि कांडीच्या नावाखाली जमिनीचं अन्न पळवणं कुणाच्याच हिताचं नाही. म्हणून कोणते अवशेष घ्यायचे आणि कोणते नाहीत, याची रेघ स्पष्ट हवी. उसाचं पाचट खोडव्यात आच्छादन म्हणून राहिलं पाहिजे. ते पाणी धरून ठेवतं, तण दाबतं आणि कुजून जमिनीत जातं. त्याला हात लावू नये. ज्वारीचा कडबा जनावरांचा आहे. सोयाबीनचं कुटार चारा आणि खत दोन्ही होतं, त्यातला जो भाग खरोखर जाळला जातो तेवढाच घ्यावा. पऱ्हाटी वेगळी आहे. तिची पानं झाड उभं असतानाच गळून शेतात पडतात आणि तीच लवकर कुजतात. लाकडी खोड मात्र एका उन्हाळ्यात कुजत नाही, पुढच्या वखरणीत आडवं येतं, आणि बोंडअळीच्या भीतीनं ते शेतात ठेवताही येत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी ते जाळलं जातं, आणि जाळल्यावर कर्ब जमिनीला मिळत नाहीच. श्रेडरनं बारीक करून जमिनीत गाडणं हा चांगला पर्याय आहे, पण एवढं काष्ठ कुजवताना जीवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि पुढच्या पिकाला वरून खत द्यावं लागतं. ज्याला ते परवडतं त्यानं जरूर गाडावं. जो काडी लावणार आहे त्याच्याकडून घ्यावं, आणि बॉयलरची स्वच्छ राख, जिच्यात पालाश असतं, परत त्या शेतांपर्यंत पोचवण्याची सोय करारातच लिहावी. ही सोय आज फारशी कुणी करत नाही, आणि ती न करता शेतीच्या भल्याची भाषा बोलणं मला पटत नाही.

चौथ्या आक्षेपाला थोडक्यात उत्तर देता येतं. कांडी बनवायला वीज लागते, मग इंधन वाचलं कुठे? दळणं, दाबणं, थंड करणं मिळून टनाला साधारण १०० युनिट धरू. ४००० किलोकॅलरीच्या एका टन कांडीत ४६५० युनिटांएवढी उष्णता असते. वीज कोळशापासून झाली असं मानून तिप्पट धरली, तरी गुंतवणूक सहा-साडेसहा टक्क्यांची होते. ओल्या मालाचा ड्रायर यात आला की हा आकडा बदलतो, आणि मी पुन्हा त्याच जागी येतो.

आता भावाचं. वजनावर भाव दिला की शेतकऱ्याला, आणि त्याहून जास्त मधल्या गोळा करणाऱ्याला, ओली आणि मातीची पऱ्हाटी लवकर आणून टाकण्यात फायदा दिसतो. त्यात त्याची लबाडी नाही. भावच तसं सांगतो. दोन ट्रॉल्यांची तुलना करू, दोन्ही एकेक टनाच्या. पहिलीत १२ टक्के ओल आणि सुक्या मालात ४ टक्के राख: जळणारा भाग सुमारे ८४५ किलो. दुसरीत ३० टक्के ओल आणि मातीसकट १२ टक्के राख: जळणारा भाग सुमारे ६१६ किलो. दुसरी ट्रॉली पहिलीच्या तीन चतुर्थांशही नाही, शिवाय तिच्यावर वाळवण्याचा आणि डायच्या झिजेचा खर्च. दोघांना एकच भाव देणं म्हणजे पहिल्या शेतकऱ्याचे पैसे दुसऱ्याला देणं. यावर म्हटलं जातं की शेतकऱ्याला असल्या मोजमापाची सवय नाही. हे खरं नाही. भारतीय कापूस महामंडळ कापूस घेतं तेव्हा ८ टक्के ओल आधार धरून १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात करतं, आणि हे आकडे विदर्भातल्या शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. सोयाबीन विकताना तो मॉइश्चरचा काटा बघतोच. दूध घालणारा फॅट आणि एसएनएफवर पैसे घेतो. खरी भीती वेगळी आहे आणि ती रास्त आहे: ओलीच्या नावाखाली कपात करून शेतकऱ्याला लुबाडलं जाण्याचा अनुभव बाजार समित्यांच्या आवारात जुना आहे. म्हणून कपातीपेक्षा बक्षिसाची रीत बरी. ठरलेल्या पट्ट्यातल्या मालाला पूर्ण भाव आणि त्याहून स्वच्छ मालाला वर काही, असा तक्ता दारावर लावावा. वजन श्रेडर आणि चाळणीनंतर, शेतातच, शेतकऱ्याच्या समोर व्हावं, म्हणजे मातीचा वाद मिटतो. ओलीचा नमुना दोघांनी मिळून काढावा, दोन पुड्या कराव्यात, एक त्याच्याकडे राहावी. १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवून पुन्हा वजन करणं हे गावातल्या विज्ञान शिकवणाऱ्या शाळेलाही जमण्यासारखं आहे.

कच्च्या मालाशी असं थेट नातं नसेल तर काय होतं, हे एकदा दिसलेलं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनावर बीपी या तेलकंपनीनं कांड्यांवर चालणारी 'ऊर्जा' शेगडी बाजारात आणली, तेव्हा महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत ती लाखांनी खपली. धूर कमी, आच चांगली. बायकांना ती आवडली होती. पण कांडीचा कच्चा माल खुल्या बाजारातून येत होता, तो महागत गेला, कांडीचा भाव वाढला आणि घरगुती गिऱ्हाईक गळत गेलं. शेगडीत खोट नव्हती. औद्योगिक बॉयलरच्या मागणीपुढे घरच्या चुलीचा टिकाव लागायचा असेल, तर गावाजवळची छोटी प्रेस आणि तिच्याशी बांधलेली शंभर-दोनशे शेतं, हीच रचना मला शक्य दिसते.

पावसाळ्याचा मुद्दा राहिला. जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की उघड्या कांडीची ओल आपोआप चढत जाते; पाऊस प्रत्यक्ष पडायलाच हवा असं नाही. मे अखेर बनवलेला ९७ टक्क्यांचा माल ऑगस्टमध्ये किती टक्क्यांचा उरेल हे गोदामाच्या भिंती, फरशी आणि पोत्याच्या आतलं प्लॅस्टिक ठरवतं. कुट्टी साठवावी की कांडी साठवावी, यावर मतभेद आहेत. माझं म्हणणं असं की कांडीच साठवावी, कारण तीच जागा कमी घेते. मात्र आत अस्तर असलेल्या बंद पोत्यांत, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. आणि खरेदीच्या करारात टिकाऊपणाची अट लिहायची तर चाचणीचा नमुना कारखान्याच्या प्रेसखालून घेऊ नये. तो गिऱ्हाइकाच्या दारात, ट्रक रिकामा होताना, पोत्याच्या तळातून घ्यावा.